दिव्याच्या खांबावरचे इंटरनेट

२००४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे महापौर जॉन स्ट्रीट यांनी जाहीर केले, की सबंध शहरभर, १३५ चौरस मैलांवर, वायफाय पसरायचे. रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांवर यंत्रे बसवायची आणि गरिबाच्या घरीही इंटरनेट न्यायचे. टेलिफोन कंपन्या गप्प बसतात होय? त्याच वर्षी नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदाच केला: आधी स्थानिक टेलिफोन कंपनीला विचारल्याशिवाय नगरपालिकांनी पैसे घेऊन ब्रॉडबँड देऊ नये. फिलाडेल्फियाला तेवढी सूट मिळाली.

काम अर्थलिंक कंपनीकडे गेले. खर्च कंपनीचा, पालिकेला तोशीस नाही. फुकटात होणाऱ्या कामाची फाईल किती झरझर सरकते, ते आम्हा कारकुनांना विचारा! पण लहरी खांबावरून निघत आणि घरांच्या विटांच्या भिंतींपाशी अडखळत. यंत्रे वाढवावी लागली, खर्च वाढला, गिऱ्हाईक मात्र मोजकेच. २००८ मध्ये अर्थलिंकने अंग काढून घेतले.

याच शहरात मुख्यालय असलेल्या कॉमकास्टने २०११ मध्ये गरीब कुटुंबांसाठी महिना ९.९५ डॉलरची योजना आणली. तीही एनबीसी युनिव्हर्सल ताब्यात घेण्यास सरकारने संमती देताना घातलेल्या अटींपैकी एक म्हणून. शिवाय कंपनीची जुनी थकबाकी असलेल्यांना सुरुवातीला त्यात जागा नव्हती. म्हणजे जो सर्वांत अडलेला, तोच दाराबाहेर!

२०२० मध्ये कोविडने शाळा बंद पडल्या, तेव्हा पालिकेला ३५,००० पर्यंत विद्यार्थी-कुटुंबांसाठी फुकट इंटरनेटची योजना आखावी लागली. त्यातल्या घरोघरच्या बहुतेक जोडण्या कॉमकास्टच्याच तारांवरून.