रस्त्याचा धोका मोजायचा कसा?

जुलै २०१८ मध्ये कल्याणच्या शिवाजी चौकात खड्ड्यामुळे दुचाकी कलंडली आणि मागे बसलेल्या महिलेचा अवजड वाहनाखाली सापडून मृत्यू झाला. सीसीटीव्हीत टिपलेले ते दृश्य राज्यभर पाहिले गेले. त्याच पावसाळ्यात कल्याण परिसरात खड्ड्यांनी आणखी बळी घेतले. मात्र ठिकाणे वेगवेगळी होती. रस्त्याचा धोका मोजण्याची आपल्याकडील सर्वांत रूढ पद्धत नेमकी येथेच अपुरी पडते.

ती पद्धत म्हणजे अपघातप्रवण स्थळे, अर्थात ‘ब्लॅक स्पॉट’ निश्चित करणे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या निकषानुसार राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात घडले किंवा १० जण मृत्युमुखी पडले, तर तो पट्टा ब्लॅक स्पॉट ठरतो. पद्धत सोपी आणि कमी खर्चाची. पण माणसे गेल्याशिवाय यादीत नाव येत नाही. शिवाय तिचा आधार पोलिसांच्या नोंदी, आणि त्यांत बहुधा चालकाचा निष्काळजीपणा लिहिला जातो, रस्त्याचा दोष नव्हे. आणखी एक गफलत असते. एखाद्या वर्षी योगायोगाने वाढलेले अपघात पुढील वर्षी आपोआपच कमी होतात आणि श्रेय मात्र तेथे घातलेल्या गतिरोधकाला मिळते!

दुसरी पद्धत रस्ता सुरक्षा परीक्षणाची. त्यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली २०१० मध्ये आली व २०१९ मध्ये ती सुधारण्यात आली. आराखड्याशी संबंध नसलेले तज्ज्ञ आराखडा, बांधकाम, रस्ता खुला करण्यापूर्वीची स्थिती आणि प्रत्यक्ष वापर अशा टप्प्यांवर रस्ता तपासतात. दिवसा आणि रात्रीही. मेट्रोच्या कामाचे अडथळे, अचानक अरुंद होणारी मार्गिका, अंधारातला दुभाजक या गोष्टी अशा पाहणीतच उघड होतात. उणीव अशी, की निष्कर्ष परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून राहतात आणि अहवाल बासनात गेला तर विचारणारे कोणी नसते. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यातील कलम १९८-अ नुसार सुरक्षा मानके न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

तिसरी पद्धत तारांकनाची. २००६ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयरॅप’ या संस्थेच्या पद्धतीत रस्त्याचे चित्रीकरण करून दर १०० मीटरला वळणे, कडेचे खांब, पदपथ, वेग अशा ५० हून अधिक बाबी नोंदवल्या जातात आणि एक ते पाच तारे दिले जातात. एक तारा वाढला की मृत्यू वा गंभीर दुखापतीची जोखीम साधारण निम्मी होते, असे संस्थेचे गणित आहे. अपघाताची वाट पाहावी लागत नाही, हा मोठा लाभ. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोटारी, दुचाकी, सायकली आणि पादचारी यांना वेगवेगळे तारे मिळतात.

घोडबंदर रस्त्याच्या बाबतीत हा फरक कळीचा ठरतो. गुजरातकडे जाणारे कंटेनर आणि दुतर्फा गृहसंकुलांतील रहिवासी एकाच रस्त्यावर आहेत. सेवारस्ते मुख्य रस्त्यात विलीन केल्याने वाहनांना जागा मिळते. परंतु रस्ता ओलांडणाऱ्याचे अंतर वाढते आणि संकुलातून निघालेली दुचाकी थेट अवजड वाहतुकीत शिरते. मोटारींसाठी सुधारलेला रस्ता पायी चालणाऱ्यासाठी बिघडू शकतो, हे ब्लॅक स्पॉटच्या यादीत दिसायला काही वर्षे आणि काही मृत्यू लागतील.

मात्र तारांकनही खड्ड्यांपुढे हतबल आहे. जानेवारीत चित्रित केलेला गुळगुळीत रस्ता जुलैत तसाच असेल, याची शाश्वती कल्याण-डोंबिवलीत कोण देणार? तेथे नियमित पाहणी आणि तत्काळ दुरुस्ती हाच उपाय उरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झालेल्यांच्या वारसांना सहा लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. निदर्शनास आलेल्या खड्ड्याची ४८ तासांत दखल घेण्याचे बंधनही यंत्रणांवर त्याच आदेशाने घातले आहे.