जिवंत जंतु आणि मानवी त्वचा

जंतु म्हटला कीं तो मारावयाचा, ही शिकवण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत रुजली आणि साबण, फिनेल व जंतुनाशक मलमें यांच्या रूपानें घरोघर पोंचली. पाश्चर व कॉख यांच्या शोधांचें तें फळ. त्यानें असंख्य जीव वांचविले. परंतु पॅरिसमध्यें पाश्चरच्याच नांवाच्या संस्थेंत बसून एक रशियन पंडित उलट दिशेनें विचार करूं लागला होता. त्याचें नांव इल्या मेच्निकॉफ. आंतड्यांतील कांहीं जंतु वार्धक्य ओढवून आणतात व आंबट दुधांतील जंतु त्यांना आवर घालतात, असें मत त्यानें मांडलें. बल्गेरियांतील दह्याचा जंतु 1905 सालीं स्तामेन ग्रिगोरॉफ या तरुणानें जिनेव्हांत ओळखला होता. त्याला कीर्ति मिळवून दिली ती मेच्निकॉफनें. मुंबईकरांना परिचित असलेला हाफकिन हा याच मेच्निकॉफचा ओडेसा येथील विद्यार्थी. गुरूनें जिवंत जंतूंची महती गाइली. शिष्यानें 1897 सालीं मुंबईंत केलेली प्लेगची लस मात्र उष्णतेनें मारलेल्या जंतूंची होती!

वार्धक्याविषयींचें तें मत टिकलें नाहीं. पण हितकर जंतूची कल्पना टिकली, आणि 1912 सालीं पेयरी यांनीं असे जंतु त्वचेवर लावण्याच्या उपचारासंबंधीं एका वैद्यकीय मासिकांत लिहिलें. दहीं व बेसन लावून न्हाणाऱ्या आपल्याकडील स्त्रियांना त्याचें फारसें नवल वाटलें नसतें.

खरी अडचण बरणींत होती. क्रीम म्हणजे तेल व पाणी यांचें मिश्रण. पाणी आलें कीं बुरशी आली. म्हणून त्यांत परिरक्षक द्रव्य घालावें लागतें, आणि त्या द्रव्यास आपपर ठाऊक नसतें. शिवाय 2014 सालच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें एक ग्रॅम प्रसाधनांत एक हजाराहून अधिक, आणि लहान मुलांच्या वा डोळ्यांभोंवतीं लावण्याच्या प्रसाधनांत शंभराहून अधिक, जिवंत जंतु असतां कामा नयेत. जंतूंच्या गुणावर विकावयाच्या मालास तर ते लाखांनीं हवेत. जंतु गोठवून वाळवावे व निर्जल तेलांत ठेवावे, किंवा भुकटी निराळी देऊन ऐन वेळीं कालवावी, असे मार्ग आहेत. पण ते कष्टाचे. बहुतेक कारखानदारांनीं सोपा मार्ग धरला. जंतु वाढवावे, मारावे वा फोडावे, आणि त्यांचा अर्क क्रीममध्यें घालावा. हा अर्क निरुपयोगीच असतो असें नाहीं. परंतु 2001 सालीं जागतिक अन्न व आरोग्य संघटनांच्या तज्ज्ञांनीं केलेल्या व्याख्येप्रमाणें प्रोबायोटिक म्हणजे पुरेशा संख्येंत दिल्यास हितकर ठरणारे जिवंत जंतु. अर्कास तें नांव देणें म्हणजे भाजलेले दाणे बियाणें म्हणून विकणें होय.

जिवंत जंतूंचा हट्ट धरणारा एक गृहस्थ अमेरिकेंत निघाला. डेव्हिड व्हिटलॉक हा रसायनज्ञ. घोडा उन्हाळ्यांत मातींत कां लोळतो, असें त्याला एका परिचित स्त्रीनें विचारलें. घामांतील अमोनिया खाणारे जंतु मातींतून अंगावर घेण्यासाठीं, असा त्यानें तर्क केला. असे जंतु विनोग्राड्स्कीनें 1890 सालीं झुरिच येथें वेगळे करून दाखविले होते. अमोनियाचें नायट्राइट करून त्यावरच ते जगतात. व्हिटलॉकनें शेतावरील माती आणून त्यांतून ते वाढविले व स्वतःच्या अंगावर ओतले. 2014 सालीं न्यूयॉर्कच्या एका पत्रांत त्याची हकीकत छापून आली, तेव्हां त्यानें स्नान सोडून बारा वर्षें झालीं होतीं. त्याच्या शेजाऱ्यांचें मत नोंदलेलें नाहीं. त्या लेखाच्या लेखिकेनें महिनाभर साबण वर्ज्य करून ते जंतु स्वतःच्या अंगावर वसविले. साबणाच्या तीन स्नानांत ते नाहींसे झाले. पुढें 2015 सालीं त्या जंतूंचा फवारा बाजारांत आला. त्यांत पाणी, थोडीं लवणें व जंतु एवढेंच होतें, परिरक्षक नव्हतें.

इसबाच्या रुग्णांची परीक्षा अधिक कडक झाली. 2018 सालीं अमेरिकेच्या सरकारी संशोधनसंस्थेंत इयान माइल्स यांनीं निरोगी त्वचेवरील रोझिओमोनास हा जंतु साखरेच्या पाण्यांतून रुग्णांच्या अंगावर फवारला. दहांपैकीं सहा प्रौढांना व पांचांपैकीं चार मुलांना स्पष्ट उतार पडला. आशा वाढली. पण याच जंतूचें औषध मोठ्या परीक्षेंत 2021 सालीं अपयशी ठरलें. त्याच वर्षीं सॅन डिएगो येथील रिचर्ड गॅलो यांच्या मंडळीनें मानवी त्वचेवरील दुसरा एक जंतु चोपन्न रुग्णांच्या परीक्षेंत लावून पाहिला. इसब चिघळविणारे जंतु त्यानें कमी झाले. परंतु सर्व रुग्णांचा एकत्र हिशेब केला तेव्हां जंतु लावलेले व न लावलेले यांच्या विकारांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. ती परीक्षा होती सात दिवसांची.