एपिंगचे मोकळे रान

लंडन शहराच्या ईशान्येस, मुख्यतः इसेक्स परगण्याच्या बाजूस, एपिंग नावाचे एक पुरातन रान आहे. त्याचा आजचा विस्तार सुमारे सहा हजार एकरांचा. शहराच्या गजबजाटातून आगगाडीने निघालेला मनुष्य थोडक्याच वेळात तेथील बीच आणि हॉर्नबीम वृक्षांच्या दाट सावलीत जाऊन पोहोचतो. वाटेत त्याला फाटक आडवे येत नाही, आणि ही भूमी कोणाच्या मालकीची, असेही कोणी हटकीत नाही. हे स्वातंत्र्य निसर्गाने दिलेले नव्हे. एक लाकूडतोड्या, मूठभर वकील, एक अंध अर्थशास्त्रज्ञ आणि गाईगुरांचा चरण्याचा हक्क, इतक्यांनी मिळून ते संपादन केले आहे. त्या संपादनाची हकीकत मोठी उद्बोधक आहे.

प्रथम ‘रान’ या शब्दाचा तेथील अर्थ ध्यानात घ्यावयास हवा. मध्ययुगीन इंग्लंडात राजाचे ‘फॉरेस्ट’ म्हणजे राजाने हरणांच्या शिकारीसाठी विशिष्ट कायद्याखाली आणलेला मुलूख. तेथील जमिनीची मालकी राजाकडेच असे, असे नाही. एपिंगची जमीन निरनिराळ्या जहागीरदारांची होती. अशा एकोणीस जहागिऱ्या त्या रानात होत्या. परंतु हरणांना मुक्त संचार करता यावा म्हणून जमीनमालकास कुंपण घालण्याची मनाई असे. शिवाय आसपासच्या गावच्या हक्कदारांना तेथे गुरे चारण्याचा परंपरागत अधिकार होता. महाराष्ट्रातील खेडुतास गायरान म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. एपिंग हे तसेच एक विस्तीर्ण गायरान होते, मात्र त्याच्या मातीवर जहागीरदाराचे नाव होते आणि त्यातील हरणांवर राजाचे. मालक एक, शिकारी दुसरा आणि चारणारे तिसरे, अशा त्रिविध हक्कांच्या ओढाताणीतच ते रान शतकानुशतके मोकळे राहिले.

एकोणिसाव्या शतकात हा तोल ढळला. राजघराण्याला शिकारीची आवड उरली नाही आणि लंडनच्या वाढत्या वस्तीमुळे जमिनीला भाव आला. शेजारचे हेनॉल्टचे रान १८५१ च्या कायद्याने मोडण्यात आले आणि तेथील असंख्य वृक्ष थोड्याच अवधीत समूळ उपटले गेले. एपिंगच्या बाबतीत सरकारने निराळा मार्ग धरला. हरणांविषयीचा आपला हक्क त्याने जहागीरदारांनाच एकरी सुमारे पाच पौंड घेऊन विकावयास आरंभ केला. ज्या हक्कामुळे कुंपणे घालता येत नव्हती, तो हक्कच मालकांनी विकत घेतला! मग कुंपणे भराभर उठू लागली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जे रान नऊ हजार एकर होते असा अंदाज आहे, त्याचा १८७० च्या सुमारास निम्म्याहून कमी भाग मोकळा राहिला होता.

याच वेळी लंडनच्या पूर्व भागात गोदीत व कारखान्यांत राबणाऱ्या लक्षावधी मजुरांची दाटी झाली होती. अंधाऱ्या गल्ल्या, धुराने काळवंडलेले आकाश, आणि रविवारी पोराबाळांना घेऊन जावे तर जवळ हिरवळीचा तुकडा नाही, अशी त्यांची स्थिती. १८५६ मध्ये आगगाडी रानाच्या कडेच्या लाउटन गावापर्यंत पोहोचली आणि या लोकांना एपिंगची वाट सापडली. म्हणजे ज्या पिढीला रानाची सर्वांत अधिक गरज होती, त्याच पिढीच्या डोळ्यांदेखत ते नाहीसे होत होते.

लाउटन गावाला एक वेगळा हक्क होता. ११ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीपासून २३ एप्रिलपर्यंत गावकऱ्यांनी रानातील झाडांच्या वरच्या फांद्या तोडून सरपणास न्याव्यात, ही तेथील वहिवाट. हा अधिकार एलिझाबेथ राणीने दिला, अशी गावची श्रद्धा होती. तो टिकविण्यासाठी दर वर्षी त्या मध्यरात्री पहिला घाव पडलाच पाहिजे, असेही मानीत. एका वर्षी गावकऱ्यांना मेजवानीत मद्य पाजून ती घटका चुकविण्याचा बेत झाला. पण टॉमस विलिंगेल नावाचा एक लाकूडतोड्या वेळेवर उठून रानात गेला आणि फांदी तोडून परत आला, अशी आख्यायिका आजही तेथे सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, विलिंगेल हा मनुष्य मात्र खरा होता.

१८६५ मध्ये लाउटनचा जहागीरदार जॉन व्हिटेकर मेटलंड याने सुमारे तेराशे एकर रान कुंपणाआड घेतले. हा गृहस्थ गावचा धर्मोपदेशकही होता. हक्कदार कुळांना मोबदला देऊन आपण तडजोड केली आहे, असे त्याचे म्हणणे. परंतु ज्यांच्याजवळ कूळ म्हणवून घेण्याइतकीही जमीन नव्हती, त्या गरिबांच्या सरपणाचे काय, या प्रश्नाला त्या तडजोडीत उत्तर नव्हते. विलिंगेलच्या कुटुंबीयांनी पूर्ववत रानात शिरून फांद्या तोडल्या. त्यांच्यापैकी तरुणांना त्यापायी तुरुंगवास घडला. एवढ्यावरून लंडनच्या पूर्व भागात संतापाची लाट उसळली.

त्याच १८६५ साली लंडनमध्ये सार्वजनिक मोकळ्या जागांच्या रक्षणासाठी एक मंडळ स्थापन झाले होते. जॉर्ज शॉ-लफीव्हर हा त्याचा प्रवर्तक. जॉन स्ट्युअर्ट मिलसारखा तत्त्वज्ञ त्याचा सभासद. या मंडळाने विलिंगेलला पैशाचे व वकिलांचे साहाय्य दिले आणि १८६६ मध्ये एका लाकूडतोड्याच्या नावाने जहागीरदारावर दावा गुदरला गेला. दाव्याची बाजू मात्र नाजूक होती. ‘गावचे रहिवासी’ हा नित्य बदलणारा समुदाय. त्याला दुसऱ्याच्या जमिनीतून लाकूड नेण्याचा हक्क केवळ वहिवाटीने मिळत नाही, असा इंग्रजी कायद्याचा दंडक होता. १८७० मध्ये विलिंगेल वारला आणि त्याच्याबरोबर तो दावाही संपला. परंतु त्या चार वर्षांत कुंपणांचा वेग मंदावला होता आणि प्रश्न साऱ्या देशापुढे आला होता.

पार्लमेंटात तो लावून धरणारा पुरुष म्हणजे हेन्री फॉसेट. १८५८ मध्ये शिकारीच्या वेळी वडिलांच्याच बंदुकीचे छरे लागून त्याची दृष्टी गेली. तथापि पुढे तो केंब्रिज येथे अर्थशास्त्राचा अध्यापक आणि कॉमन्स सभेचा सभासद झाला. हिंदुस्थानच्या आयव्ययाची तो इतकी कठोर चिकित्सा करी, की त्याला ‘हिंदुस्थानचा सभासद’ असेच म्हणत. मोकळ्या जमिनी खाजगी करण्याचे विधेयक पार्लमेंटात दर वर्षी चर्चेवाचून संमत होत असे. १८६९ मध्ये फॉसेटने ते अडविले आणि दाखवून दिले, की जवळजवळ सात हजार एकर जमीन कुंपणाआड जात असता जनतेसाठी राखलेली जमीन अवघी नऊ एकर आहे. त्यांतील तीन एकर खेळण्यासाठी आणि सहा गरिबांच्या भाजीपाल्यासाठी! पुढील वर्षी एपिंगमधील राजहक्क विकू नयेत, असा ठरावही त्याने कॉमन्स सभेकडून संमत करून घेतला. ज्याला हिरवळ दिसत नव्हती, त्याने ती इतरांसाठी राखण्याचा आग्रह धरावा, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल.

परंतु भावनेवर न्यायालय चालत नाही. मंडळाच्या वकिलांपुढील खरी अडचण अशी, की मोकळ्या रानात फिरण्याचा व खेळण्याचा सर्वसामान्य जनतेचा हक्क इंग्रजी कायद्याला ठाऊकच नव्हता. गाईचा चरण्याचा हक्क मात्र त्याला पूर्णपणे मान्य होता. तेव्हा माणसांना रान मिळवून द्यावयाचे तर ते गाईच्या पाठीवरूनच मिळवावे लागणार होते. रॉबर्ट हंटर नावाच्या तरुण वकिलाने जुनी दप्तरे चाळून एक मर्मस्थान शोधले. एपिंगमध्ये प्रत्येक गावच्या हक्कदाराची गुरे केवळ आपल्या जहागिरीत नव्हे, तर साऱ्या रानात चरू शकत. असे असेल तर कोणत्याही एका जहागीरदाराने आपल्या कुळांशी केलेली तडजोड व्यर्थ ठरते. कारण शेजारच्या एकोणीसाव्या जहागिरीतील एका गाईचा हक्कही त्याच्या कुंपणाआड अडकलेला असतो!

आता हवा होता तो असा हक्कदार, की जो खर्चाला भिणार नाही आणि ज्याला कोणी धाक घालू शकणार नाही. तो अनपेक्षित ठिकाणी सापडला. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने १८५६ च्या सुमारास रानाच्या दक्षिणेस इल्फर्डजवळ दफनभूमी उघडली होती. त्यासाठी घेतलेल्या सुमारे दोनशे एकर जमिनीबरोबर गुरे चारण्याचा हक्कही कॉर्पोरेशनकडे आला होता. त्या आधारावर १८७१ मध्ये कॉर्पोरेशनने जहागीरदारांवर दावा लावला. मृतांसाठी घेतलेल्या भूमीने जिवंतांच्या क्रीडांगणाचा खटला उभा केला. त्याच वर्षी वॉन्स्टेडच्या माळावर हजारो लोक जमले आणि तेथील कुंपण लोकांनी मोडून टाकले. एका बाजूस न्यायालय व दुसऱ्या बाजूस लोकक्षोभ, असा तो काळ होता.

१८७४ मध्ये सर जॉर्ज जेसेल यांनी निकाल दिला. हंटरचा मुद्दा त्यांनी मान्य केला. दुसऱ्यांची मालमत्ता त्यांच्या संमतीवाचून बळकाविल्याबद्दल जहागीरदारांना कडक शब्दांत दोष दिला. आणि दाव्यापूर्वीच्या वीस वर्षांत घातलेली कुंपणे बेकायदा ठरविली. जिंकले ते गाईंनी. लाभ झाला तो माणसांना.

तथापि खटला जिंकणे निराळे आणि रान सांभाळणे निराळे. ते काम १८७८ च्या कायद्याने केले. रान सदैव मोकळे, बिनबांधकामाचे आणि जनतेच्या विहारासाठी राखावे, त्याचे नैसर्गिक स्वरूप जपावे, हे बंधन त्यात घातले गेले. कारभार कॉर्पोरेशनच्या समितीकडे आला; परंतु त्या समितीची रचना मोठी सुज्ञ होती. कॉर्पोरेशनच्या बारा सभासदांबरोबर चार सभासद स्थानिक हक्कदारांनी निवडलेले असावेत, दोन उत्तरेकडच्या गावांचे व दोन दक्षिणेकडच्या गावांचे, अशी ती योजना. शहराच्या तिजोरीला गावाच्या अनुभवाची जोड मिळाली. हक्कांचे मोल ठरविण्यासाठी लवाद नेमला तो सर आर्थर हॉबहाऊस यांचा. हे गृहस्थ नुकतेच, १८७७ मध्ये, हिंदुस्थानच्या गव्हर्नर जनरलच्या मंडळातील कायदेमंत्रिपद सोडून मायदेशी परतले होते. लाउटनकरांच्या फांद्या तोडण्याच्या हक्काचा मोबदला ठरला आणि त्यातून १८८४ मध्ये गावात एक सभागृह उभे राहिले. ‘लॉपिंग हॉल’ असे त्याचे नाव. म्हणजे फांदीतोडीचे मंदिर. दरम्यान ६ मे १८८२ रोजी व्हिक्टोरिया राणीने रानात येऊन ते जनतेला अर्पण केले. विलिंगेलला जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती.

येथे कथा संपविली तर ती सुखान्त होईल, परंतु पुरी होणार नाही. रान राखण्याच्या उत्साहात एक गोष्ट विसरली गेली. एपिंगच्या वृक्षांचे ते विशिष्ट बुटके, जाडजूड, अनेक फांद्यांचे रूप हे शतकानुशतकांच्या फांदीतोडीनेच घडलेले होते. तोड बंद होताच फांद्या उंच व जड झाल्या, सावली दाटली आणि खालची झुडपे व फुले मरू लागली. उलट समितीने विरळणी आरंभली, तेव्हा जवळच्या वॉल्थमस्टो गावी जन्मलेला कवी व कारागीर विल्यम मॉरिस याने १८९५ मध्ये वृत्तपत्रातून तिच्यावर टीकेची झोड उठविली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या पद्धतीची छाटणी पुन्हा हाती घेण्यात आली आणि पुढे गुरेही रानात परत आणली गेली. गरिबाची कुऱ्हाड ही रानाची वैरीण नसून त्याची घडविणारी होती, हे उमगावयास एक शतक लागले.

कायद्याचे बळ मात्र कमी झाले नाही. लंडनभोवतालचा मोठा मोटाररस्ता बांधताना तो एपिंगजवळील बेल कॉमनवरून न्यावयाचा होता. तेथे रान उघडे कापावयाचे नाही म्हणून रस्ता भुयारातून नेण्यात आला. १८७८ च्या कायद्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १९८४ मध्ये, ते भुयार खुले झाले. आज खालून मोटारी धावतात आणि त्यांच्या माथ्यावर, हिरवळीवर, क्रिकेटचा खेळ चालतो.

मोकळी जागा कोणाचीच नाही असे समजले, की ती एखाद्याची होण्यास वेळ लागत नाही. ती आपली आहे असे म्हणणारा एक जण हवा, ते म्हणणे कागदावर सिद्ध करणारे चार जण हवेत, आणि पुढे पिढ्यान् पिढ्या तिची राखण करणारी एक समिती हवी. यांपैकी एकाची उणीव असती, तरी एपिंगची आज केवळ एक पेठ झाली असती, आणि विलिंगेलच्या कुऱ्हाडीचा घाव कोणाच्या स्मरणातही राहिला नसता.