रक्ती हगवणीचे शीघ्र निदान : एका पद्धतीचा इतिहास

कोंबड्यांना होणारी रक्ती हगवण, अर्थात कॉक्सिडिओसिस, हा आयमेरिया नामक एकपेशीय परोपजीवीपासून उद्भवणारा आतड्यांचा रोग होय. विष्ठेतील त्याचे कवचधारी ऊसिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली शोधणे, ही निदानाची स्वाभाविक रीत. परंतु आयमेरिया टेनेला या जातीच्या संसर्गात पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्तस्राव सुरू होऊन पिल्ले दगावू लागतात. विष्ठेत ऊसिस्ट विपुल दिसू लागतात ते सातव्या दिवसाच्या सुमारास. उलटपक्षी, गादीवर वाढणाऱ्या निरोगी कोंबड्यांच्या विष्ठेतही थोडेफार ऊसिस्ट आढळतात. सारांश, ही परीक्षा कधी उशिरा बोलते, तर कधी विनाकारण.

या पेचातून वाट निघाली ती जातिभेदाच्या अभ्यासातून. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या अर्नेस्ट टिझर यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात कोंबड्यांतील आयमेरियाच्या जाती वेगवेगळ्या करून दाखविल्या. प्रत्येक जात आतड्याचा ठराविक भाग व्यापते, हे त्यातून स्पष्ट झाले. टेनेला आंधळ्या आतड्यात रक्त साकळविते. ॲसरव्हुलिना आतड्याच्या आरंभीच्या भागात शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पांढरे पट्टे उमटविते. नेकाट्रिक्समुळे मधले आतडे फुगून त्यावर पांढरे व लाल ठिपके दिसतात. अर्थात, नुकत्याच मेलेल्या अथवा मुद्दाम मारलेल्या काही कोंबड्यांचे आतडे गोठ्यातच उघडले असता रोगाचे ठिकाण व स्वरूप काही मिनिटांत कळू शकते.

या निरीक्षणास मोजमाप दिले ते जॉइस जॉन्सन व माल्कम रीड यांनी. १९७० मध्ये त्यांनी व्रणांना शून्य ते चार गुण देण्याची रीत मांडली. मूळ हेतू औषधांच्या चाचणीचा. तथापि ती पुढे कुक्कुटपालनातील नित्याची परीक्षा बनली.

तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. मायटिस व प्रिकॉक्स या जाती डोळ्यांस दिसतील असे ठळक व्रण करीत नाहीत. शव कुजू लागले की खुणा फसव्या ठरतात. म्हणून आतड्याच्या अस्तराचा खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची जोड तिला द्यावी लागते. कारण निदान चुकले तर औषध निष्फळ ठरते, आणि उशिरा झाले तर कळप हातचा जातो.

येथे शीघ्रता आली ती नव्या उपकरणामुळे नव्हे, तर परोपजीवीच्या स्थानाविषयी सावकाश संपादन केलेल्या ज्ञानामुळे, हेच या इतिहासाचे तात्पर्य होय.