कुटुंबमर्यादा : आर्थिक विचार व शासकीय धोरण

दांपत्यास अपत्ये किती असावीत, या प्रश्नाचा घरच्या जमाखर्चाच्या आणि सरकारी धोरणाच्या अंगाने केलेला विचार. माल्थसने १७९८ च्या निबंधात अन्न आणि लोकसंख्या यांच्या वाढीतील विषमता मांडली. परंतु आईबापांच्या हिशेबाला अर्थशास्त्रात मानाचे पान मिळाले ते गॅरी बेकर याने १९६० मध्ये अपत्याची गणना टिकाऊ उपभोग्य वस्तूंत केली तेव्हा. ही भाषा रुक्ष खरी, तथापि हिशेब खोटा नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी सात वर्षांचे पोर शेळ्या वळते, त्याची बहीण धाकट्याला कडेवर घेऊन चुलीपाशी लक्ष ठेवते, वेचणीच्या दिवसांत दोघेही आईमागोमाग कापसाच्या सरीत असतात, आणि ज्याला निवृत्तिवेतन ठाऊक नाही अशा बापाला मुलगा हाच म्हातारपणचा आधार वाटतो. त्यातच काही मुले दगावतील ही धास्ती असली म्हणजे दोनांवर थांबणे हा त्याच्या लेखी अविचारच ठरतो. हेच बिऱ्हाड शहरातील एका खोलीत आले, शाळा व शिकवणी यांचा खर्च सुरू झाला, की मूल जमेच्या रकान्यातून खर्चाच्या रकान्यात जाते.

मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले. सरकारी कार्यक्रम सुरू झाला तो १९५२ मध्ये. बुखारेस्ट येथील १९७४ च्या परिषदेत विकास हेच संततिनियमनाचे उत्तम साधन, अशी बाजू मांडणाऱ्या आरोग्यमंत्री करणसिंहांच्याच खात्याने १९७६ च्या एप्रिलमध्ये, विकासाची वाट पाहण्यास सवड नाही, असे धोरण जाहीर करावे, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे. त्या वर्षी नसबंदीच्या ऐंशी लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. शाळामास्तर व तलाठी यांना ‘केसेस’चा कोटा ठरवून दिला जाई आणि तो पुरा न झाल्यास पगार अडे. तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते दप्तरातच राहिले. सक्तीचा हा अंमल मतपेटीने १९७७ मध्ये संपविला. परंतु कुटुंबकल्याणाच्या नावाखाली पुढे पुरुषांची शस्त्रक्रिया मागे पडून सारा भार स्त्रियांच्या शस्त्रक्रियेवर आला, याची दखल घेतली जात नाही.

नसबंदीची सक्ती गेली, तरी दोनांहून अधिक अपत्ये असणाऱ्यास अपात्र ठरविणाऱ्या तरतुदी महाराष्ट्रात पुढे आल्या. ग्रामपंचायतीच्या सदस्यास सप्टेंबर २००१ नंतर, व राज्यसेवेच्या उमेदवारास २८ मार्च २००६ नंतर झालेले तिसरे अपत्य नडते. उमेदवाराला लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र अर्जासोबत जोडावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९–२१ मध्ये राज्यातील दर स्त्रीमागे सरासरी अपत्ये १.७ होती, म्हणजे पिढी भरून निघण्यास लागणाऱ्या २.१ हूनही कमी. याचे श्रेय या तरतुदींना देणे कठीण. केरळाने अशा सक्तीवाचून, मुलींचे शिक्षण आणि बालमृत्यूंची घट यांच्या बळावर, तोच पल्ला पुष्कळ आधी गाठला होता. शिवाय अपत्यांची संख्या घटली तरी मुलाचा हव्यास घटला नाही : महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४.