मुळांतील पुरातन सोयरीक

इतिहास म्हटला की राजवंश, लढाया आणि तहनामे एवढेच आपल्या दृष्टीपुढे उभे राहतात. परंतु बीड जिल्ह्यातील जोंधळ्याच्या शेतात पायाखाली जो इतिहास नांदत आहे, त्यापुढे अंबाजोगाईचे यादवकालीन शिलालेखही कालचेच वाटावेत. जोंधळ्याचे कोवळे मूळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्याच्या पेशींत झुडपासारखी फांद्या पसरलेली बुरशी बहुधा दिसते. हा रोग नव्हे. ही बुरशी मुळांच्या आवाक्याबाहेरील मातीतून स्फुरद आणून देते व मोबदल्यात पिकाकडून साखर आणि स्निग्ध द्रव्ये घेते.

वृक्षांच्या मुळांवरील अशा सहवासास जर्मन शास्त्रज्ञ फ्रांक ह्याने १८८५ साली ‘कवकमूळ’ ह्या अर्थाचे नाव दिले. पिकांच्या मुळांत शिरणारा प्रकार त्याहून निराळा. त्याचा साक्षेपी आढावा बटलर ह्यांनी १९३९ साली घेतला. हे बटलर पूर्वी बिहारातील पुसा येथे सरकारी कवकतज्ज्ञ होते. पुढे १९९४ साली, स्कॉटलंडातील ऱ्हायनी येथील सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतिजीवाश्मांत हीच झुडपासारखी रचना ओळखण्यात आली. त्या वनस्पतींना खरी मुळे नव्हतीच! म्हणजे सोयरीक आधीची, मूळ मागाहूनचे. बीडची काळी माती ज्या लाव्हारसाच्या खडकापासून झाली, तो तर अवघ्या साडेसहा कोटी वर्षांचा.

ह्या बुरशीचा वंश चालतो तो मातीतील बीजाणूंवर. एकेका बीजाणूत शेकडो केंद्रके असतात. तिच्यातील नर-मादीचे मीलन कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही; तथापि मीलनास लागणारी जनुके तिच्या ठायी आहेत, आणि काही वाणांत दोन भिन्न जातींची केंद्रके एकत्र नांदतात, असे २०१६ साली दिसून आले. बीजाणू आपल्या शिदोरीवर अंकुरतो खरा, पण जिवंत मूळ न भेटल्यास त्याची वाढ तेथेच खुंटते.

मग मूळ त्यास सापडते कसे? १९६६ साली कापसाच्या मुळांच्या स्रावातून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. जोंधळ्याचा वैरी जो टारफुला, त्याचे बी ह्या द्रव्याने जागे होते. आपल्याच कुळाच्या वैऱ्यास जागविणारे द्रव्य मुळे का बरे स्रवतात? हे कोडे जपानी संशोधकांनी २००५ साली उलगडले. ह्या जातीचे द्रव्य म्हणजे बुरशीस धाडलेले आमंत्रण होय. टारफुला हा ते ऐकून पंक्तीत शिरलेला आगंतुक!

ह्या आमंत्रणाचे एक मर्म शेतकऱ्याने जाणावे. जमिनीत स्फुरदाची रेलचेल झाली की मूळ आमंत्रण आखडते घेते आणि बुरशीचा मुळांतील वावर घटतो. खत वर्ज्य करावे, असे आमचे म्हणणे नाही. माती तपासून, गरजेपुरते द्यावे, इतकेच. चाळीस कोटी वर्षे टिकलेली सोयरीक केवळ परस्परांच्या गरजेवर उभी आहे. गरज संपली असे पिकास भासविण्याइतके उदार आपण होऊ नये.