फुलांच्या वाफ्यातील रंगचित्र : गर्ट्रूड जीकल यांची बाग

१/
इंग्लंडमधील ग्रामीण बाग म्हटली की पायवाटेच्या कडेने दाटीवाटीने फुललेला लांबलचक फुलपट्टा डोळ्यांपुढे येतो. तो जणू आपोआप उगवला असावा, असे वाटते. प्रत्यक्षात त्यामागे एका चित्रकर्तीची कठोर शिस्त होती, आणि त्या चित्रकर्तीची दृष्टी दिवसेंदिवस अधू होत चालली होती. त्याचीच ही कथा. 🧵

२/
आधी पार्श्वभूमी. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरील कर रद्द केला. काच स्वस्त झाली आणि श्रीमंतांच्या बागांत काचगृहे उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतील जिरेनियम, दक्षिण अमेरिकेतील कॅल्सिओलारिया यांसारखी थंडी न सोसणारी रोपे तेथे हजारोंनी वाढवली जात. उन्हाळ्याच्या तोंडावर ती वाफ्यांत गालिच्याच्या नक्षीप्रमाणे मांडली जात.

३/
पहिले हिमतुषार पडले की सारा गालिचा उपटून टाकावा लागे. पुढे कित्येक महिने वाफ्यांत उघडी माती. या उधळपट्टीवर विल्यम रॉबिन्सन या आयरिश माळ्याने लेखणी उगारली. १८७० मधील ‘द वाइल्ड गार्डन’ आणि १८८३ मधील ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ या ग्रंथांतून त्याने वर्षानुवर्षे टिकणाऱ्या, काटक झाडांचा पुरस्कार केला.

४/
या विचाराला रूप दिले गर्ट्रूड जीकल यांनी. जन्म १८४३. त्यांचे शिक्षण लंडनच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेत झाले. चित्रकला, भरतकाम, चांदीकाम यांत त्यांचा हात फिरत असे. परंतु तीव्र ऱ्हस्वदृष्टी वाढत गेली आणि १८९१ मध्ये नेत्रतज्ज्ञाने बारीक काम सोडण्याचा सल्ला दिला. कुंचला आणि सुई, दोन्ही हातांतून सुटणार होती.

५/
उरली ती सरे परगण्यातील मन्स्टेड वुड ही बाग. तेथील मुख्य फुलपट्टा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता; पाठीशी उंच दगडी भिंत. दोन्ही टोकांना राखाडी पानांची झाडे आणि फिके, शीतल रंग. तेथून मध्याकडे पिवळा, नारिंगी आणि अखेर धगधगता लाल. त्या लाल भागात आपल्या ओळखीची कर्दळ आणि डेलियाही असत.

६/
रोपे चौकोनी ठोकळ्यांत न लावता त्या लांबट, तिरक्या ओघांत लावत. कारण व्यवहारी होते. बहर ओसरलेला अरुंद ओघ शेजारच्या फुलांआड झाकला जातो. चौकोन मात्र टक्कल पडल्यासारखा उघडा दिसतो. ओरिएंटल पॉपीची पाने सुकली की मागची जिप्सोफिला ती जागा व्यापी. डेल्फिनियम फुलून गेले की त्याच्या दांड्यांवर क्लेमॅटिसचा वेल ओढला जाई. तरीही फट राहिलीच, तर फुललेल्या कुंड्या आणून ठेवल्या जात.

७/
१८८९ मध्ये त्यांची भेट वीस वर्षांच्या एडविन लट्यन्स या वास्तुविशारदाशी झाली. होय, पुढे नवी दिल्लीची रचना करणारे तेच लट्यन्स! मन्स्टेड वुड येथील जीकल यांचे घर त्यांनीच बांधले. नंतर अनेक बागांत दगडी चौकट त्यांची आणि फुलांची योजना जीकल यांची, अशी भागीदारी जमली.

८/
मात्र फुलपट्टा हे नश्वर चित्र आहे. दोन-तीन वर्षे खुरपणी, विभागणी आणि खतपाणी थांबले की दांडगी झाडे नाजूक झाडांना गिळून टाकतात. महायुद्धांनंतर माळ्यांचे हात कमी झाले. १९३२ मध्ये जीकल निवर्तल्या आणि त्यांनी आखलेल्या शेकडो बागांपैकी बहुतेक हळूहळू पुसल्या गेल्या.

९/
वाचले ते कागद. अमेरिकन उद्यानरचनाकार बीट्रिक्स फॅरँड यांनी जीकल यांचे आराखडे विकत घेऊन जतन केले. आज ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संग्रहात आहेत. सॉमरसेटमधील हेस्टरकूम येथे तर गंमतच झाली. ती वास्तू अग्निशमन दलाकडे होती आणि मूळ लागवडीचे नकाशे बागेतल्या कुंड्या भरण्याच्या खोलीत सापडले! त्यांच्या आधारे १९७० च्या दशकात ती बाग पुन्हा लावली गेली.

१०/
इतिहासाची साधने म्हणजे केवळ शिलालेख आणि ताम्रपट नव्हेत. कोणत्या रोपाशेजारी कोणते रोप लावायचे, हे सांगणारा मातीने माखलेला कागदही साधनच असतो. हेस्टरकूम येथील माळ्यांनी तो फेकून दिला असता, तर आज तेथे केवळ दगडी चौकट उरली असती. चित्र कायमचे हरपले असते. (समाप्त)